मुरलेलं बीड

बिडाचं आप्पेपात्र वापरात राहिलं की सुधारत जातं आणि माळ्यावर पडलं की गंजतं. घरातल्या बहुतेक वस्तू वापरून झिजतात, हे मात्र वापरानेच घडतं. आई गेल्यावर तिचे दागिने वाटले गेले, साड्या कपाटात घडीत राहिल्या. सात खळग्यांचं ते जड पात्र मी मागून घेतलं.

आई रत्नागिरीकडची. वडील पाटबंधारे खात्यात, म्हणून आमचं लहानपण डिंभ्याच्या धरण वसाहतीत गेलं. घोड नदीवरचं हे धरण कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी एक. कामाच्या निमित्ताने कुणी कोल्हापूरचं आलेलं, कुणी बेळगावकडचं, कुणी विदर्भातलं. संध्याकाळी घराघरांतून वेगवेगळ्या फोडण्यांचे वास येत. आमच्या घरातून गूळ, ओलं खोबरं आणि वेलचीचा. रव्याच्या पिठात गूळ विरघळवून, पिकलं केळं कुस्करून आई आप्पे करायची. सणाला आत खोबऱ्याचं सारण भरायची.

तिच्या हाताकडे बघत राहावं असं ते काम होतं. खळग्यात थेंबभर तूप, त्यावर अर्ध्याला कमी पीठ, मधोमध सारणाची गोळी आणि वरून पुन्हा पीठ. कड सुटली की ती विणकामाची सुई बाजूने घालून आप्पा पाव वळण फिरवायची. वरचं ओलं पीठ ओघळून खळग्यात उतरायचं, तिथे त्याची नवी साल धरायची. असं थोडं थोडं वळवत गेलं की सारण आत बंद होऊन आप्पा गोल व्हायचा. एकदम उलटा केला तर सारण बाहेर येऊन करपायचं. इतकं पातळ पीठ हाताने वळता येत नाही, त्याला आकार खळगाच देतो. बीड तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की ऊब धरून ठेवतं, म्हणून आतलं शिजेपर्यंत साल जळत नाही.

आप्पे डिंभ्याचे नव्हेत. इकडची खासियत मासवडी. डोंगराकडच्या वाड्यांतून भात, नाचणी, वरई. जुनं आंबेगाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, तिथून उठून आलेली एक आजी आमच्याकडे बाळहिरडा घेऊन यायची. आईच्या चुलीपाशी बसून तिने पात्र निरखलं आणि पुढच्या खेपेला नाचणीचं पीठ आणलं. आईने ते ताकात भिजवलं, त्यात लसूण, मिरची, कोथिंबीर घातली. पावसाळ्यात तिकडे हवा इतकी गार की पीठ आंबता आंबत नाही. पातेलं चुलीच्या उबेला ठेवायचं हेही आजीनेच सांगितलं. पात्र धुऊन आईने पालथं घातलं, तर म्हणाली, "तसं ठिवू नको बाय, चुलीवर कोरडं कर, मंग तेलाचा हात फिरव." गाव सोडताना तिने काय काय मागे ठेवलं असेल, ते मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही, आणि तीही कधी बोलली नाही.

डिंभ्याच्या जलाशयाला बाबू गेनूंचं नाव आहे. महाळुंगे पडवळचा हा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना हुतात्मा झाला. त्या पाण्याच्या काठी वाढताना आपलं काय आणि परकं काय, हा प्रश्न मनात यायचाच. आमच्या पात्राने मला त्याचं एक उत्तर दिलं: जे आपल्या हातांनी, आपल्या धान्याने रोज वापरलं जातं, ते आपलं.

माझी भाची डेन्मार्कमध्ये शिकायला गेली. डिसेंबरात तिने तिथल्या घरातला फोटो पाठवला, तर त्यात बिडाचं सात खळग्यांचं पात्र! पदार्थाचं नाव एब्लेस्किव्हर. मैदा, अंडी, ताक, आणि पुष्कळ घरांत वेलचीसुद्धा. पूर्वी आत सफरचंदाची फोड असायची, आता बहुधा सारणाविनाच करतात आणि मुरंब्यासोबत, पिठीसाखर भुरभुरून खातात. नाताळच्या आधीचे आठवडे त्याचेच. आणि फिरवायला तीच विणकामाची सुई! अशाच खळग्यांत होणाऱ्या ओसाकाच्या ताकोयाकीत ऑक्टोपसचा तुकडा असतो, चेट्टिनाडच्या पणियारममध्ये तांदूळ-उडीद. ज्या त्या मुलखाने आपापलं धान्य या खळग्यात ओतलं, आणि त्या त्या मुलखात तो पदार्थ तिथलाच झाला.

बिडाला मुरवावं लागतं. नवं भांडं पेजेत भिजवतात, घासून, तेल लावून तापवतात. तेलाचा पातळ थर तापून घट्ट आवरण होतो, त्यावर पुढचा, मग त्यावरचा. माझ्या पात्राचा काळा तुकतुकीत पृष्ठभाग असाच साठत आलाय. आईचं तूप, आजीने फिरवायला लावलेलं तेल आणि आता माझं शेंगदाण्याचं तेल, सगळं एकावर एक. यातला कुठला थर कोकणचा आणि कुठला डिंभ्याचा, हे कुणाला वेगळं काढता येणार नाही.

म्हणून वाटणीची वाट न बघता मी ते पात्र आत्ताच मुलाच्या हाती दिलंय. तो पुण्यात राहतो, गॅसवर करतो, आत चीज भरतो. त्याने ते खुशाल भरावं. पीठ मात्र दर आठवड्याला भिजलं पाहिजे, एवढी एकच अट मी घातली आहे.