खारे पाणी आणि स्पंज

आमच्या जळगाव जामोदकराने समुद्रावर लिहावे, हे म्हणजे मालवणच्या माणसाने कपाशीवरच्या बोंडअळीवर लिहिण्यासारखे आहे. उत्तरेला सातपुडा आणि बाकी सगळीकडे ऊन. समुद्र पाहायचा तर आधी नांदुऱ्याला जाऊन मुंबईची गाडी पकडायची. तरी मी समुद्रातल्या एका प्राण्यावर लिहिणार आहे, कारण त्याच्या नावावर बोट टेकवून गेली वीस वर्षे मी लोकांचे पैसे मोजतो आहे.

तो प्राणी म्हणजे स्पंज. नोटा मोजायला मशीन आले. पण हळदीने, तेलाने आणि घामाने माखलेल्या दहाच्या नोटांपुढे मशीन हात टेकते. तिथे डबीतला ओला स्पंजच लागतो. हा आमचा स्पंज कारखान्यात जन्मलेला, पण मूळ पुरुष समुद्रातला आणि चांगला जिवंत. ही माहिती मला मुलीच्या शाळेच्या पुस्तकातून मिळाली. त्यांच्या जातीला म्हणे ‘रंध्रीय प्राणी संघ’ म्हणतात. आम्ही कॉमर्सवाले. आम्हाला संघ म्हटला की कर्मचारी संघच आठवतो.

या प्राण्याला मेंदू नाही, हृदय नाही, पोट नाही, आणि जागचे हलायचे नाही. एवढ्या अर्हतेवर तो पन्नास कोटींहून जास्त वर्षे सर्व्हिसमध्ये टिकला आहे. (अशी काही माणसे माझ्याही पाहण्यात आहेत, पण त्यांना बढती मिळाली.) काम एकच. अंगावरच्या बारीक भोकांतून पाणी आत ओढायचे, त्यातले जीवाणू गाळून खायचे आणि उरलेले स्वच्छ पाणी मोठ्या तोंडाने बाहेर सोडायचे. रोज स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी! आमच्याकडे दिवसाला दोनशे स्लिपा झाल्या तर चहा लागतो.

या मंडळींतले काही समुद्री गवतात राहतात. गवत म्हणजे शेवाळ नव्हे बरं का. मुळे, पाने, फुले असलेली खरी वनस्पती. मन्नारच्या आखातात आणि पाल्कच्या सामुद्रधुनीत त्याची मोठी कुरणे आहेत. समुद्रगायी तिथे चरतात, आणि त्यांच्यासाठी तामिळनाडूने 2022 साली 448 चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र केले. या गवतात स्पंजाचे खाते अगदी टॅली होते. तो पाणी गाळतो, म्हणून ऊन पानांपर्यंत पोचते. त्याच्या मलमूत्रातले नत्र गवताला खत म्हणून मिळते. गवत लाटा थोपवते आणि त्याला बसायला जागा देते. मात्र तो फार फोफावून पानावरच पसरला, की पानाला ऊन मिळत नाही. कर्जदार आणि जामीनदार यांचे संबंधही इतपतच गोड असतात. अमेरिकेत फ्लोरिडाच्या उपसागरात 1987 पासून गवत मरू लागले, पुढे 1991 च्या सुमारास पाण्यात सूक्ष्म शेवाळ माजले, त्यात स्पंज मेले, आणि त्यांच्या आडोशाला लपणारी शेवंडांची पिल्ले उघड्यावर आली. एक खाते बुडाले की कोणकोण बुडते, हे पीककर्जाच्या टेबलावर बसलेल्याला वेगळे सांगायला नको.

हेन्री कार्टर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर मुंबईत नोकरीला होता. तिथल्या तलावांतल्या गोड्या पाण्याच्या स्पंजांवर त्याने 1849 साली लेख लिहिला, आणि निवृत्तीनंतर मायदेशी बसून 1880 साली मन्नारच्या आखातातून काढलेले स्पंज अभ्यासले. फावल्या वेळात लिहिणाऱ्या नोकरदारांत मी त्याला फार मान देतो. पेन्शनरांनी एवढे केले तरी पासबुक भरून घ्यायची रांग निम्मी होईल.

समुद्र आमच्याकडे नाही, पण खारेपणा घरपोच आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तो हाच. बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही, आणि मूत्रपिंडाच्या दुखण्याने गावेच्या गावे हैराण. पैसे काढताना कारण लिहावे लागत नाही, तरी लोक सांगतातच. परवा एक म्हातारबाबा म्हणाले, “पोराले अकोल्याले न्या लागते, डायलिसिस हाय.” काय बोलावे ते सुचेना, म्हणून मी स्पंजाची गोष्ट काढली.

“म्हंजे हा पानी गाळते?”

“हा नाही काका, समुद्रातला. दिवसरात्र गाळतो.”

“मंग आमच्या हापशीत सोडा ना एखांदा.”

मी म्हटलं, तो जंतू गाळतो, खार नाही. तो स्वतःच खाऱ्या पाण्यात राहतो.

“मंग काय कामाचा तो?” म्हणत त्यांनी डबीत अंगठा बुडवला, आणि मी दोनदा मोजलेल्या नोटा तिसऱ्यांदा मोजायला घेतल्या. मागची रांग थांबली होती. कोणी घाई केली नाही.