छत्रीची काडी आणि भेकर

हरणामागे धनुष्य घेऊन गेलेल्या कुणाचं भलं झाल्याचं निदान माझ्या तरी वाचनात नाही. रामाची बायको गेली, पंडूला शाप मिळाला आणि मला मार मिळाला. (घरातली एकुलती एक छत्री मोडल्याबद्दल.)

हे आठवायला निमित्त झालं भाच्याचं. तो अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. धनुष्याने हरीण मारण्यासाठी तिथे १९३४ साली पहिल्यांदा वेगळा हंगाम ठेवला गेला. परवाना काढायचा, झाडावर मचाण बांधायचं आणि थंडीत कुडकुडत बसायचं. परवा फोनवर मी विचारलं, "अरे, बंदूक असताना धनुष्य कशाला?"

"मामा, बंदुकीचं काम लांबून होतं. धनुष्याला वीस-पंचवीस पावलांवर यावं लागतं. वारा त्याच्याकडून आपल्याकडे हवा. बरेचदा हात हलवत परत यायचं."

म्हणजे बंदूक हे पत्रिका पाहून पोस्टाने जमवलेलं लग्न, आणि धनुष्य म्हणजे मुलीच्या बापासमोर जाऊन बसणं! मारलेलं हिवाळाभर खातो, असंही म्हणाला. आमच्या ताईने मात्र इथे "तो सुट्टीत झाडावर बसतो," एवढंच सांगून ठेवलंय.

माझी शिकार १९६२ सालची. वन्यजीव संरक्षण कायदा यायला अजून दहा वर्षं होती. संगमेश्वराजवळच्या आमच्या गावात शिकार म्हणजे हाकारा घालून रान उठवायचं आणि पुढे ठासणीची बंदूक घेऊन कुणीतरी बसायचं. हाकाऱ्याला गेलेल्या पोरालाही वाटा मिळे. आम्हाला वाट्याचं काय? आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर. मला हवा होता मान. बंदूकवाल्या घरातला एक पोरगा वर्गात सगळ्यांसमोर म्हणाला होता, "मास्तरांचा झील काय मारणार? डास!"

मी चिव्याचं धनुष्य केलं, छत्रीच्या काड्या कातळावर घासून बाण केले आणि तिन्हीसांजेला पऱ्याकाठी करवंदीच्या जाळीमागे जाऊन बसलो. पहिल्या दिवशी मागून कुत्रं भुंकलं. मी दबक्या आवाजात म्हटलं, "मोत्या, घरी जा!" मोत्या घरीच होता. भेकर कुत्र्यासारखं ओरडतं, हे मला घरी गेल्यावर कळलं.

तिसऱ्या दिवशी ते आलं. खांद्याला जेमतेम दोन फूट. पंधरा पावलांवर पाणी प्यायलं. मी दोरी ताणली. त्याने मान वर केली, एक कान माझ्याकडे वळवला. नाकपुड्या ओल्या होत्या, हे अजून दिसतं. मी दोरी सैल सोडली. ते गेलं.

"मला दया आली," असं मी तेव्हा सांगितलं आणि पुढे साठ वर्षं सांगत आलो. आईने तर त्याचं कीर्तनच केलं.

"मामा," भाचा म्हणाला, "दया आली की हात थरथरला?"

मी गप्प.

"माझा थरथरतो, म्हणून विचारलं. एकदा बाण भलतीकडे लागला. रात्रभर टॉर्च घेऊन रक्ताचे थेंब शोधत फिरलो. नाहीच सापडलं. दोन वर्षं मग गेलोच नाही."

"मग परत का गेलास?"

"सांगता येत नाही. तू का सोडला नाहीस?"

आता या वयात खोटं बोलून कुणाकडून मान मिळवायचा? म्हटलं, "हात थरथरत होता रे. शिवाय वाटलं, हे मरायचं नाही. नुसतं आमच्या छत्रीची काडी अंगात घेऊन रानभर हिंडेल. दया वगैरे आईने घातलं."

तो बराच वेळ बोलला नाही. त्याच्याकडे सकाळ होती, इथे रात्र. तेवढ्यात परसामागच्या काजूंतून भेकर भुंकलं. मी घाईघाईने फोन खिडकीबाहेर धरला. "ऐकलंस?"

"ऐकलं," भाचा म्हणाला. "मामा, आधी ते कुत्रं आत घे बघू."