लंगोटाचा वास आणि दोन घडी



आजचा विषय नाक मुरडायला लावणारा आहे, पण ज्यांच्या घरात तान्हं बाळ आहे त्यांच्यासाठी रोजचाच. कापडी डायपर धुतला, वाळवला, घडी घालताना नाकाशी धरला तर काही वास येत नाही. तोच बाळाला घातला आणि बाळाने एकदा शू केली, की पाच मिनिटांत असा भपकारा येतो की डोळ्यांना झोंबावं. म्हणजे कपडा दिसायला स्वच्छ, आणि आत कुठेतरी कालची, परवाची शू मुरलेली.

यंदा दशलक्षणाच्या आधी लेक पुण्याहून सांगलीला आली ती हाच त्रास घेऊन. नातू सात महिन्यांचा. त्याला पंचेचाळिसाव्या दिवशी मंदिरात नेलं तेव्हा तिने माताजींसमोर नियम घेतला होता, की घरात असताना दिवसा बाळाला फेकायचे डायपर घालणार नाही. नियम तिने कोणाच्या सांगण्यावरून घेतला नव्हता. शू-शी भरलेलं ते प्लास्टिकचं गाठोडं कचऱ्यात वर्षानुवर्षं पडून राहणार, त्यात किती जीव उपजणार आणि ते कोणीतरी हाताने उचलणार, हा विचार तिचा तिनेच केला होता. मला कौतुक वाटलं होतं. आता मात्र बाळाच्या मांड्या लाल झाल्या होत्या, आणि ती म्हणत होती, “आई, मी पूजेला येत नाही. ह्याला मांडीवर घेऊन बसले की शेजारच्या बायका सरकून बसतात.”

एका ओळखीच्या बाईंनी तर तिला ऐकवलंसुद्धा, की उत्तम शौच धर्माच्या दिवशी तरी असं येऊ नये. इथे थोडं थांबून सांगते. दशलक्षणातला शौच म्हणजे लोभाचा अभाव. लंगोटाशी त्याचा काही संबंध नाही. बाळंतिणीला किंवा लेकुरवाळीला शास्त्राचं नाव घेऊन टोचायचं असेल, तर निदान शास्त्र तरी नीट वाचावं.

असो. वासाकडे वळू.

माझ्या सासूबाईंच्या हाताखाली मी दोन मुलांचे लंगोट धुतले. ते जुन्या धोतराचे असायचे, एका पदराचे, मऊ झालेले. शू झाली की लगेच कळायचं, लगेच काढायचा, मोरीत नेऊन तांब्याभर पाण्यात पिळायचा आणि दोरीवर टाकायचा. दिवसाला वीस-पंचवीस व्हायचे. त्यांना असा वास कधी धरला नाही. लेकीचे डायपर वेगळे. बाहेरून पाणी न झिरपणारं कापड, आत खिसा, खिशात तीन-चार पदरांचं जाड इन्सर्ट. शू झालेली वरून कळत नाही, तीच त्याची सोय. पण त्यामुळे दिवसा तीन-तीन तास आणि रात्री आठ-आठ तास ती शू अंगाशी आणि कापडात राहते.

ताज्या शूला फारसा वास नसतो. तिच्यात युरिया असतो. ओल्या, उबदार कापडातले जंतू त्या युरियाचा अमोनिया करतात, आणि डोळ्यांना झोंबतो तो हाच. जितका वेळ जास्त तितका अमोनिया जास्त. बाळ मोठं होऊन रात्रभर झोपू लागलं की म्हणूनच हा त्रास एकदम वाढतो. आणि ते वापरलेले डायपर लेक काय करायची? दिवसभर झाकणाच्या बादलीत साठवायची आणि रात्री एकदम मशीन लावायची. कारण विचारलं तर म्हणाली, “पाणी वाचतं ना. अप्कायिक जीवांची हिंसा तेवढी कमी.”

हे ऐकून मला हसूही आलं आणि तिचा जीव किती तुटतोय तेही कळलं. पाण्याचा एक-एक थेंब मोजणारी मुलगी, आणि तिच्याच मोरीत झाकणाखाली बारा तासांची शू. आपल्याकडे तत्त्वार्थसूत्रात जन्माचे तीन प्रकार सांगितले आहेत, संमूर्च्छन, गर्भ आणि उपपाद. मल-मूत्र पडून राहिलं की त्यात संमूर्च्छन जीव उपजतात हे आपण लहानपणापासून ऐकतो. आमच्या शेजारच्या ओसवाल वहिनी श्वेतांबर. त्यांच्याकडे संमूर्च्छिम जीवांची चौदा स्थानं मोजतात आणि त्यातली पहिली दोन मल आणि मूत्र हीच. मुदत दोन घडींची, म्हणजे ४८ मिनिटांची. आपण गाळलेल्या पाण्याची मर्यादा धरतो तीच. मुनींच्या पाच समित्यांमधली पाचवी, उत्सर्ग समिती, तर सगळी ह्याच काळजीची आहे, की शरीरातून निघालेलं कुठे आणि कसं टाकावं म्हणजे जीवांना बाधा होणार नाही. ती मुनींसाठी आहे, मान्य. पण घरात तान्हं बाळ असेल तर आईलाही दिवसातून वीस वेळा तोच विचार करावा लागतो.

विज्ञानाने आपलं शास्त्र सिद्ध केलं वगैरे मी म्हणणार नाही. अमोनिया करणारे जंतू आणि शास्त्रातले संमूर्च्छन जीव एकच, असं कोणी लिहिलं की मला अवघडायला होतं. शास्त्राचा नियम जीवदयेसाठी आहे, कपड्याचा वास जावा म्हणून नाही. एवढं मात्र खरं, की दोन घडींच्या आत लंगोट पिळून टाकणाऱ्या घरात वास मुरायला वेळच मिळत नाही.

मग पाण्याचं काय? आम्ही दोघींनी हिशेब मांडून बघितला. ओला डायपर काढल्याबरोबर दीड तांब्या गाळलेल्या पाण्यात इन्सर्ट दोनदा पिळलं, तर रात्री एका धुण्यात काम होतं. साठवून धुतलं की वास राहतो म्हणून ती पुन्हा धुवायची, पुन्हा खळबळायची, कधी कधी मशीन तीनदा लावायची. म्हणजे थेंब वाचवताना बादल्या जात होत्या, शिवाय बादलीतल्या जीवांचं पाप वेगळं. हे पटल्यावर मात्र तिने तेव्हाच्या तेव्हा झाकणाची बादली रिकामी केली आणि उन्हात पालथी घातली. आता मोरीत उघडी जाळीची टोपली आहे. पिळलेलं इन्सर्ट तीत मोकळं टाकायचं, वारा लागू द्यायचा.

पण हे पुढचं झालं. आधीच मुरलेला वास काढायला वेगळी खटपट करावी लागली.

एक धुतलेलं, कोरडं इन्सर्ट घेतलं आणि कोमट साध्या पाण्यात चोळलं. साबणाचा कणही घातला नव्हता, तरी पांढरा फेस आला. वासाचं अर्धं घर तिथे होतं. वास येतो म्हणून लेक पावडर वाढवत गेली होती. मशीन समोरून दार असलेलं, ते पाणी कमी घेतं. सोसायटीत पाणी बोअरचं, जड. जड पाण्यात साबण नीट निघत नाही, क्षार कापडात बसतात, त्या थरात शू अडकते, वास येतो, की पुन्हा पावडर जास्त. असं ते चक्र.

आम्ही सगळी इन्सर्ट काढून नुसत्या गरम पाण्यात खळबळली. पहिल्या दोन पाण्यांना फेसच फेस. तिसऱ्या पाण्यात बादलीला दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घातला आणि अर्धा तास ठेवलं. खायचा सोडा नव्हे, धुण्याचा. तो पाण्यातले क्षार बाजूला काढतो. मग पुन्हा साधं पाणी, फेस येईनासा होईपर्यंत. त्या दिवशी सहा बादल्या पाणी लागलं. लेकीचा चेहरा बघवत नव्हता. फेसाचं पाणी संडास आणि अंगण धुवायला वापरलं, तेव्हा तिला जरा बरं वाटलं. पण ही सहा बादल्यांची गोष्ट एकदाच करायची असते. पुढे रोज लागते पूर्वीच्या अर्धी पावडर, आणि बोअरचं पाणी असेल तर सोबत चमचाभर धुण्याचा सोडा. बास.

उकळतं पाणी फक्त सुती इन्सर्टला. बाहेरच्या न झिरपणाऱ्या कापडाला उकळलं की त्याचा आतला थर सुटतो आणि डायपर गळायला लागतो. ते कोमट पाण्यातच धुवावं.

ब्लीच घालू का, असं तिने विचारलं होतं. मी घालू दिलं नाही, आणि कारण दोन. अमोनियाचा वास येणाऱ्या कपड्यावर ब्लीच पडलं की विषारी वायू होतो. बंद मोरीत, कडेवर बाळ असताना तर हा खेळ नकोच. दुसरं कारण आपलं. आधी जीव उपजू द्यायचे आणि मग औषध ओतून मारायचे, ह्यापेक्षा उपजूच न देणं बरं. यत्नाचार म्हणजे मला तरी एवढंच कळतं. व्हिनेगरही पुष्कळ जणी सुचवतात. ते आंबवलेलं, आमच्या घरात येत नाही, आणि त्यावाचून काही अडलंही नाही. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रव तर मुळीच घालू नये. कापडाला त्याचा थर बसतो, मग ते शू शोषत नाही आणि अत्तराच्या वासाखाली अमोनिया तसाच राहतो.

रिठा? रेशमी साडीला आणि दागिन्यांना मी आजही रिठाच वापरते. पण रात्रभराच्या इन्सर्टपुढे त्याचं काही चालत नाही, हे प्रेमाने सांगते. साबणाची वडी घेत असाल तर वेष्टन वाचा. ‘सोडियम टॅलोएट’ लिहिलं असेल तर ती प्राण्याच्या चरबीची. एन्झाइमच्या पावडरींबद्दलही विचार करणाऱ्या करतात, कारण ती एन्झाइम बहुतेक जिवाणू वाढवून मिळवलेली असतात. आम्ही साधी, एन्झाइम नसलेली पावडर घेतो. कोणी दुसरी वापरली तर मी तिला बोल लावणार नाही.

आणि तेल! बाळाला खोबरेल चोपडून न्हाऊ घालायचं आणि वर लगेच डायपर बांधायचा, असं आपल्याकडे सर्रास होतं. ते तेल, लाल झालेल्या जागी लावलेलं मलम, सगळं इन्सर्टला लागतं आणि कापड पाणी धरेनासं होतं. मलम लावलंच तर मध्ये मलमलीचा एक पातळ तुकडा घालावा. नातवाच्या मांड्या चार-पाच दिवसांत निवळल्या.

राहिला पावसाळा. भाद्रपदात ऊन कुठलं? माझ्या लहानपणी शेगडीवर टोपली पालथी घालून तीवर लंगोट वाळवत, आणि निखाऱ्यांवर ओवा, शेपा, वावडिंग टाकून धुरी देत. इतरांकडे लसणाची सालंही टाकत; आपल्याकडे अर्थात नाही. धुरीने लंगोट उबदार आणि सुगंधी व्हायचे, पण मुळात तो लंगोट धुतलेला असायचा. न निघालेल्या वासावर धूर घालून उपयोग नसतो. आणि निखाऱ्यातही जीवहिंसा आहेच, म्हणून आता मी त्या वाटेला जात नाही.

जाड इन्सर्ट पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही आणि कुबट होतं. त्यावर उपाय सासूबाईंच्याच पेटीत सापडला. धोतराचे जुने चौकोन मी जपून ठेवले होते, वीस-बावीस तरी असतील. ते उकळून घेतले आणि दोन चौकोन एकत्र घडी करून लेकीच्या डायपरच्या खिशात इन्सर्टऐवजी घातले. बरोबर बसले. धुताना घडी उलगडली की कापड एकपदरी, शू अडकायला जागा नाही. पंख्याखाली तीन-चार तासांत खडखडीत. दिवसा आता तो हेच घालतो, इन्सर्ट फक्त दुपारच्या झोपेला. रात्री आणि प्रवासात ती फेकायचा डायपर घालते. तिच्या नियमात दिवसाचंच बोललं होतं, आणि रात्रभर झोपलेल्या बाळाला दर दोन घडींना उठवावं असं मलाही वाटत नाही. शी झाली असेल तर ती आधी संडासात टाकते, सकाळी डायपर उघडा वाळवते आणि मगच कागदात गुंडाळून वेगळा देते.

पुण्याला जाताना सगळे चौकोन तिने नेले. तिथल्या पाण्याला सोडा किती लागतो ते फोनवर कळवलं आहे. इथल्यापेक्षा जास्त, बादलीला तीन चमचे.