थेम्सकाठचे स्वप्नातले घर

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या पश्चिमेला, थेम्स नदी अजून लहानशीच असते त्या भागात, केल्मस्कॉट नावाचे एक चिमुकले खेडे आहे. भोवती हिरवी कुरणे आणि करड्या दगडांची घरे. अशा आडगावी पर्यटक वाट वाकडी करून येतात, ते केल्मस्कॉट मॅनर ही जुनी वास्तू पाहण्यासाठी.

कवी आणि कारागीर विल्यम मॉरिसने १८७१ साली हे घर भाड्याने घेतले. कारखान्यांच्या धुराने काळवंडलेल्या शहरांचा त्याला उबग आला होता. १८९० साली त्याने 'न्यूज फ्रॉम नोव्हेअर' ही कादंबरी लिहिली. तिचा नायक झोपेतून उठतो, तो थेट भविष्यकाळात! तिथे पैसा नाही, तुरुंग नाहीत. माणसे हौसेने सुंदर वस्तू घडवतात. नायक नावेतून थेम्सने वर जातो आणि अखेर अशाच एका घरापाशी पोहोचतो.

मॉरिस नुसती स्वप्ने रंगवत बसला नाही. अशा जगात शोभतील अशा वस्तू तो कादंबरीच्या कितीतरी आधीपासून घडवत होता. घरातले पडदे, भरतकाम, फुलापानांच्या नक्षीचे कापड त्याची साक्ष देतात. येथील बागेत थ्रश पक्षी जाळीखाली शिरून स्ट्रॉबेरी पळवत. त्यांना हाकलण्याऐवजी मॉरिसने त्यांना कापडावर उतरवले! १८८३ सालचे ते 'स्ट्रॉबेरी थीफ'. आधी सगळे कापड निळीत बुडवायचे, मग ठशांनी नक्षीपुरता रंग काढायचा आणि तिथे लाल-पिवळा भरायचा. काम वेळखाऊ, म्हणून कापडही महाग.

हीच मॉरिसची व्यथा होती. सर्वांसाठी घडवलेल्या वस्तू श्रीमंतांच्याच दिवाणखान्यात जात. पैसा नसलेल्या जगाची ती कादंबरीसुद्धा त्याच्या केल्मस्कॉट प्रेसने सुबक छापली. पण कागदावरच्या प्रती निघाल्या अवघ्या ३००. मुखपृष्ठाआतल्या चित्रात आहे हेच घर.

आज त्याची नक्षी यंत्रावर छापलेल्या कपांवर, पिशव्यांवर सर्रास दिसते. वस्तू घरोघरी पोहोचली. घडवणाऱ्या हातांना आनंद मिळावा, ही मॉरिसची दुसरी अट मात्र सहज पुरी होणारी नाही.

१८९६ साली मॉरिसचा मृतदेह शेतावरच्या गाडीतून गावच्या चर्चच्या आवारात आणला गेला. तिथली त्याची साधी समाधी पाहिल्याशिवाय परतू नये. घर वर्षातले काही महिने आणि ठराविक वारीच उघडे असते. तेव्हा आधी चौकशी करूनच निघावे.