काळा पाषाण आणि हातोडा

इंदुरात घर बांधणारास पहिली गाठ पडते ती काळ्या मातीशी, आणि दुसरी तिच्याखालच्या काळ्या पाषाणाशी. माळव्याचे पठारच मुळी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंडावलेल्या लाव्ह्याचे. आमच्या आजोबांनी परसात विहीर खणविली तेव्हा वडारांचे घणपहारीचे दोन उन्हाळे त्यात गेले, असे घरात सांगत. १९७८ साली नर्मदेचे पाणी शहरात आले आणि विहीर मागे पडली. पाषाण मात्र जागचा हललेला नव्हता, हे जुने घर उतरवून नवे बांधावयास काढले तेव्हा आम्हास उमगले.

सात फुटांवर पोकलेनच्या बकेटचे दात नुसते करकरू लागले. (पोकलेन हे मूळचे एका फ्रेंच कंपनीचे नाव, आपल्याकडे ते साऱ्या जातीचेच होऊन बसले.) दाट वस्तीत सुरुंगाचा प्रश्नच नव्हता. तेव्हा ठेकेदाराने बकेटच्या जागी ‘ब्रेकर’, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा हातोडा, बसविण्याचे ठरविले, आणि आपल्या आवारात पडून असलेला एक हातोडा दुसऱ्याच दिवशी ट्रकवर घालून आणला.

मिस्त्रीने खिशातून टेप काढली. पोकलेनच्या हाताला ८० मिलिमीटरची पिन. हातोड्याची भोके ९० ची. “बाबूजी, मशीन बीस टन की है, हथौड़ा तीस वाली का,” तो आम्हास बाजूला घेऊन म्हणाला. ठेकेदाराचे म्हणणे, भोकांत बुश ठोकून भागेल. पिनेचे भागले असतेही. परंतु वजनाचे काय? हातोडा यंत्राच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असावा. हा जवळजवळ तीन टनांचा. हात पूर्ण लांबवून आडवा फिरविला की यंत्र त्या बाजूस कलंडावयाचे, आणि त्या बाजूस होती शेजारच्या काकूंची मातीची भिंत.

खरे सांगावयाचे तर आम्ही क्षणभर ठेकेदाराच्याच बाजूचे होतो. यंत्र बसून राहिले तरी भाडे चढत होते आणि पावसाळा तोंडावर आला होता. पण काकूंनी सकाळीच भिंतीवरच्या तसबिरी उतरविल्या होत्या, देवघरातले देवही ट्रंकेत ठेविले होते, हे आम्ही पाहिले होते. हातोडा परत गेला. ठेकेदार दोन दिवस आमच्याशी बोलला नाही, आणि भाड्याचा भुर्दंड आमच्याच माथी आला.

चौथ्या दिवशी दीड टनाचा, १४० मिलिमीटर जाडीच्या छिन्नीचा हातोडा आला. तो दोन लाकडी ओंडक्यांवर आडवा निजविला होता. चालकाने पोकलेनचा हात इंचाइंचाने खाली आणला. भोके जुळली की नाही हे मिस्त्री डोळ्यांनीच पाही. आत बोट घालू पाहणाऱ्या पोरास त्याने असा दरडावला की आम्हीही दोन पावले मागे सरलो. पिना बसल्या, त्यांचे बोल्ट आवळले. मग तेलाच्या नळ्या. त्या त्याने प्रथम एकमेकींस जोडून त्यांतून तेल फिरविले, कारण आत राहिलेला कचरा सिलिंडरला ओरखडे पाडतो. परतीचे तेल गाळणीतून थेट टाकीत सोडले. आम्हास नवल वाटले ते पुढे: यंत्राचे पंप मिनिटाला चारशे लिटरांच्या घरात तेल देऊ शकतात, या हातोड्यास १२० ते १८० पुरे. अधिक दिले तर तो अधिक काम करीत नाही, तापतो आणि त्याची सीले फुटतात. ते प्रमाण बांधून, वरच्या कप्प्यातील नायट्रोजनचा दाब मोजून, छिन्नी दगडावर दाबून धरून त्याने ग्रीस भरले. अधांतरी छिन्नीत ग्रीस भरले तर ते दट्ट्याच्या वाटेत शिरते आणि पहिल्याच ठोक्याला सील जाते, हे त्याने हातवारे करून समजाविले.

पहिले ठोके मंद होते. पाषाण बधेना, अर्ध्या मिनिटाने चालक छिन्नी उचलून वीतभर बाजूस नेई. एकाच ठिकाणी ठोकत राहिल्यास दगडाचे पीठ होते आणि छिन्नी तापते. दहाव्या-बाराव्या जागी एक बारीक चीर उमटली, आणि ती आमच्या विहिरीच्या दिशेने पळत गेली.

सायंकाळी काम थांबले तेव्हा काकू भिंतीवरून हात फिरवीत होत्या. कुठे तडा नव्हता. मिस्त्रीसाठी त्यांनी चहा आणला. त्याने तो उभ्याउभ्याच घेतला आणि पुन्हा पाना उचलला, कारण दिवसभराच्या हादऱ्यांनी सैल झालेले बोल्ट त्यास अंधार पडण्यापूर्वी आवळावयाचे होते. काकूंनी देव मात्र पाषाण संपेपर्यंत ट्रंकेतच ठेविले.