मापाडी

मे महिन्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या फळप्रक्रिया युनिटांत सगळ्यांचीच धांदल उडालेली असते. पिकलेला आंबा कोणासाठी थांबत नाही. त्या गडबडीत पिस्टन फिलर तेवढा आपली लय सोडत नाही. वर निमुळतं होत गेलेलं स्टीलचं हॉपर, खाली आडवा सिलिंडर, पुढे नोझल, एवढाच त्याचा संसार. दट्ट्या मागे सरकतो आणि हॉपरमधला रस सिलिंडरात ओढून घेतो. व्हॉल्व्ह फिरतो, हॉपरची वाट बंद, नोझलची उघडी. दट्ट्या पुढे येतो आणि ओढलेलं सगळं बरणीत उतरवतो. धान्यबाजारातल्या मुरलेल्या मापाड्याप्रमाणे त्याचं लक्ष ढिगाकडे नसतं, मापाकडे असतं.

त्याचा हिशेब सरळ आहे. सिलिंडरचा आतला व्यास 5 सेंमी आणि दट्ट्याची धाव 10 सेंमी असेल, तर एका फेरीत सुमारे 196 मिली माल पडणार. धाव सेंटिमीटरभर वाढवली की माप वीसेक मिलीने वाढतं.

त्याच्या शेजारी बहुधा ग्रॅव्हिटी फिलर उभा असतो. टाकी उंचावर, व्हॉल्व्ह ठरलेले सेकंद उघडतो आणि माल स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. कोकमाच्या आगळासारख्या पातळ मालाला तो स्वस्त, मस्त आणि झटपट. पण त्याच टाकीत साखरेचा दाट पाक असलेलं सिरप घातलं की गणित बिघडतं. सकाळी गारव्यात सिरप रेंगाळतं आणि बाटली उणी राहते. दुपारी पत्रे तापले की तेवढ्याच सेकंदांत जास्त उतरतं. तो वेळ मोजतो, पिस्टन जागा मोजतो. मालाचा दाटपणा तासागणिक बदलणाऱ्या ठिकाणी जागा मोजणाऱ्यावरच भरवसा ठेवावा.

दाट मालाचेही स्वभाव वेगळे, आणि हा ते ओळखून वागायला लावतो. आंब्याचा गर स्वस्थ असताना ढिम्म हलत नाही, पण रेटा मिळाला की सैल पडून वाहू लागतो. मधाचं तसं नाही. पाण्याच्या कित्येक हजार पट घट्ट असलेला मध कितीही रेटला तरी तेवढाच घट्ट राहतो. त्याला फक्त ऊब मऊ करते. म्हणून मधासाठी हॉपरला गरम पाण्याचं जॅकेट लागतं. तेही बेतानेच, चाळीस अंशांच्या आसपास; फार तापवला तर मधाचा कस जातो. दट्ट्या घाईने मागे खेचला, तर घट्ट माल त्याच्यामागून वेळेत पोचत नाही, सिलिंडरात पोकळी राहते आणि बरणी कमी भरते. ओढताना सावकाश, हे त्याच्याकडे काम करणाऱ्या बाया पहिल्या आठवड्यातच शिकतात. ‘थांब गो, भरू दे त्याला,’ असं एखादी मावशी नव्या मुलीला सांगते तेव्हा ती यंत्राचीच बाजू घेत असते.

त्याला खपत नाही ते फोडी असलेलं लोणचं. छोट्या बॉल व्हॉल्व्हमध्ये कैरीची एक फोड अडकली की झडप पुरती मिटत नाही, माल उलटा हॉपरकडे जातो आणि माप चुकतं. तिथे रुंद तोंडाचा रोटरी व्हॉल्व्ह हवा, नाहीतर फोडी हाताने भरून वरचा खार तेवढा मशीनकडे सोपवावा. एका मालावरून दुसऱ्यावर जायचं तर त्याला पूर्ण खोलून धुवावं लागतं. रबरी ओरिंग झिजली की माल दट्ट्यामागे झिरपतो. नोझलला बंद होणारं टोक नसेल, तर सिरपची तार बरणीच्या काठावर ओघळते आणि मग लेबल चिकटत नाही.

आणखी एक गोष्ट तो सांगत नाही, आपणच लक्षात ठेवायची: तो मिली मोजतो, लेबलवर बऱ्याचदा ग्रॅम असतात. 250 ग्रॅम मधाला जागा लागते जेमतेम 180 मिलीची. गरात हवेचे बुडबुडे राहिले, तर ती हवाही तो रस म्हणूनच मोजतो.

बचत गट किंवा नवा उद्योजक यंत्र घ्यायला जातो तेव्हा प्रात्यक्षिक बहुतेकदा पाण्यावर होतं. पाण्यावर सगळीच यंत्रं गुणी ठरतात. कर्जाचे हप्ते मात्र गराच्या आणि मधाच्या बरण्यांमधून फिटायचे असतात. म्हणून आपला माल डब्यात घालून सोबत न्यावा. ज्या तापमानाला तो रोज भरला जाणार, त्याच तापमानाला आणून सलग वीस-पंचवीस बरण्या भरून घ्याव्यात आणि प्रत्येक बरणी काट्यावर चढवावी. पहिली आणि शेवटची बरणी एका वजनाची निघाली, नोझल स्वच्छ राहिलं, खोलून धुणं आपल्या माणसांना जमलं, तरच पैसे मोजावेत. गिऱ्हाईक बरणी घेतं ते लेबलवरच्या आकड्यावर विश्वास ठेवून. तो आकडा खरा ठेवणारं यंत्र निवडणं हा आपल्या धंद्याच्या इमानाचाच भाग आहे.