भुरीचे खाते

कारंजा लाड येथे वसंत आधी बाजारात उतरतो, मग झाडांवर. माघ सरत आला की तुरीची पोती लागतात, मागोमाग हरभरा येतो आणि अडत दुकानांतून दिवसभर चाळण्यांचा आवाज व भुशाची धूळ उठत राहते. मानोऱ्याच्या वाटेवरचा पळस त्यानंतर पेटतो. याच दिवसांत गावात परक्यांची वर्दळ वाढते. समुद्रकाठच्या गावांना पर्यटकांचा हंगाम असतो; वाशीम जिल्ह्यातील या गावाला समुद्र नाही, पण यात्रेकरूंची भरती-ओहोटी मात्र आहे. कोणी नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानी दर्शनाला येतो, कोणी काष्ठासंघ, सेनगण आणि बलात्कारगण यांची जुनी मंदिरे पाहायला. पुढे समंतभद्र महाराज म्हणून वंदनीय झालेल्या ब्रह्मचारी देवचंदजींनी १९१८ साली येथे गुरुकुल काढले. तेथे आपले आजोबा शिकले एवढ्याच आठवणीवर दूरचा एखादा नातूही येतो. प्रत्येकाच्या हातात प्रसादाची पुडी असते, आणि जेथे पुडी सुटते तेथे गावातली कुत्री जमतात.

जुन्या वस्तीतील एका अडत्याच्या ओट्याखाली गेली तीन वर्षे एक कुत्री राहते. अंगाचा रंग भुरका म्हणून ती भुरी. हे नाव कोणी ठेवले नाही, ते पडले. घर बघेरवाल, तीन पिढ्यांचे. दुकान मुलगा सांभाळतो, स्वयंपाकघर सुनेच्या हाती आहे, नातू पुण्याला शिकतो. पण शेवटचा शब्द ८२ वर्षांच्या आजींचा. भुरीला उंबरठ्याच्या आत प्रवेश नाही. हा नियम आजींचा, आणि त्यामागे तिटकारा नाही, शास्त्र आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात श्रावकाने टाळायचे पंधरा व्यवसाय सांगितले. पोपट, मैना, मांजर, कुत्रा यांना पैशासाठी पोसणे हे त्यांतले एक. त्याला असतीपोषण म्हणतात. तेराव्या शतकातील पंडित आशाधर, जे स्वतः बघेरवाल होते, त्यांनीही सागारधर्मामृतात या पंधरा कर्मांची नोंद घेतली आहे. कुत्रा पाळायचा नाही, पण भुकेल्याला विन्मुखही पाठवायचे नाही. या दोन गोष्टींच्या मधली जागा म्हणजे तो ओटा.

भुरीने घराचे वेळापत्रक कधी शिकून घेतले, कोणास ठाऊक. रात्री ती काही मागत नाही. सूर्यास्तापूर्वी घरची जेवणे उरकतात, तेव्हा ती पायरीशी येऊन बसते. माघ पौर्णिमेच्या सुमारास तिची वेळ सव्वासहाच्या आतली असते; चैत्र संपेपर्यंत ती वीसेक मिनिटांनी पुढे सरकते. घड्याळ पाहून जेवणारी माणसे चुकतात, भुरी चुकत नाही. ताकात कुस्करलेली भाकरी, नाही तर वरणात भिजवलेली पोळी, एवढाच तिचा आहार. कुत्र्याला अशा अन्नावर जगता येते का, अशी शंका नातवाला होती. पुण्याच्या एका जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला सांगितले की माणसाच्या संगतीत राहून कुत्र्याला पिष्टमय अन्न पचविण्याची शक्ती लांडग्याहून पुष्कळ अधिक आली आहे. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून आजींना हसू आले. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात, मनुका-बेदाणे त्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. म्हणजे या घरातले उष्टे तिला निर्धोक, आणि यात्रेकरूंच्या पुडीतला बेदाण्याचा प्रसाद मात्र धोक्याचा.

गेल्या मार्गशीर्षात भुरी व्याली. पाच पिल्ले होती. रस्त्यावरच्या कुत्र्यांची पिल्ले बहुधा हिवाळ्यात जन्मतात आणि वसंतात आईचे दूध सुटून रस्त्यावर येतात. त्यांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड काळ तोच. बाजाराचा हंगाम ऐन भरात, ट्रॉल्या अखंड चालू. दोन पिल्ले थंडीतच गेली, एक ट्रॉलीखाली सापडले, चौथे एका सकाळी नुसतेच निपचित आढळले. उरलेल्या एकाला भुरी ओट्याखालून हलू देईना. फाल्गुनात, होळीच्या आदल्या आठवड्यात, परगावाहून दर्शनाला आलेल्या कुटुंबातील सहा-सात वर्षांचा मुलगा ते पिल्लू उचलायला वाकला आणि भुरीने त्याच्या मनगटाला चावा घेतला.

सुनेने मुलाला नळाखाली धरले आणि साबणाने पंधरा मिनिटे जखम धुतली. मुलगा रडत होता, त्याची आई ओरडत होती, पण सुनेने हात सोडला नाही. चाव्यानंतर पहिले काम हेच, हळद-चुना नव्हे; त्यानंतर विलंब न लावता लसीची पहिली सुई. ती त्याच दिवशी टोचली गेली. पुढच्या सुयांच्या तारखा लिहून घेऊन ते कुटुंब गावी परतले.

संध्याकाळी गल्लीतले चार-पाच व्यापारी ओट्यावर जमले. कुत्र्यांवरून देशभर वाद पेटलेले दिवस होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५मध्ये आधी दिल्लीतील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला, मग त्याच महिन्यात तो बदलून नसबंदी व लसीकरणानंतर बहुतेक कुत्री त्यांच्याच जागी सोडावीत असे सांगितले. वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला त्यातले सोयीचे अर्धे आठवत होते. येथे मारण्याचा विषय कोणी काढला नाही. त्या गल्लीत तो निघणारही नाही. ठरत होते ते असे की वर्गणी काढावी, एक मालवाहू गाडी सांगावी, आणि भुरीला व तिच्या पिल्लाला सोहोळच्या जंगलाकडे सोडून यावे. जीवही वाचेल आणि गल्लीही मोकळी होईल.

हा उपाय गावोगावी होतो आणि दयेच्या नावाने होतो, म्हणून तो जरा निरखून पाहिला पाहिजे. सोहोळकडे जंगल आहे ते काळविटांसाठी राखलेले अभयारण्य, सुमारे १८ चौरस किलोमीटरचे. काळविटाचे नवजात पाडस पहिले काही दिवस गवतात हालचाल न करता पडून राहते. पळणे हा त्याचा बचाव नव्हे, न दिसणे हा बचाव. उपाशी कुत्र्याच्या नाकापुढे तो टिकत नाही. शिवाय भाकरीवर वाढलेली कुत्री उन्हाळ्याच्या तोंडावर अनोळखी माळावर सोडली तर ती पाण्यावाचून मरणार, किंवा तेथल्या कुत्र्यांच्या टोळीकडून फाडली जाणार. गाडी परत फिरली की हे पाहायला कोणी नसते, एवढीच या दयेची सोय. जनावर उपाशी-तहानलेले राहील अशा ठिकाणी सोडून देणे हा १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे.

आजी दारातून ऐकत होत्या. त्यांनी आधी त्या मुलाचा प्रश्न घेतला.

“चावलेले कुत्रे दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवायचे असते, असे डॉक्टर म्हणाले. ते धडधाकट राहिले तर पोराच्या आईला रात्री झोप लागेल. तुम्ही तिला रानात नेऊन टाकले, तर त्या बाईला कोण काय सांगणार?”

“काकू, पण दहा दिवसांनी?” शेजारच्या दुकानदाराने विचारले.

“दहा दिवसांनी दहा दिवसांनंतरचे पाहू. तोवर ती माझ्या दाराशी बांधलेली राहील.”

तीन वर्षांत भुरीच्या गळ्यात पहिल्यांदा दोरी पडली, आणि ती आजींच्या हातून पडली.

त्या दहा दिवसांत आजींच्या दुपारच्या स्वाध्यायात कुत्रा पुन्हा पुन्हा येत राहिला. कारंजाच्या वाचकाला यात नवल वाटू नये. येथील शास्त्रभांडारांतील पोथ्यांमुळे कारंजा जैन ग्रंथमाला सुरू झाली आणि तिचे पहिले पुस्तक म्हणून १९३१ साली पुष्पदंताचे जसहरचरिउ प. ल. वैद्यांनी संपादून दिले. त्या कथेत यशोधर राजा आणि त्याची आई चंद्रमती पिठाच्या कोंबड्याचा बळी देतात. पुढच्या जन्मी राजा मोर होतो, आई कुत्रा होते, आणि दोघेही भेट म्हणून त्यांच्याच वाड्यात येऊन पडतात. कुत्रा मोराला मारतो, आणि आता राजा झालेला यशोधराचा मुलगा रागाच्या भरात त्या कुत्र्याला मारतो. ती आपली आजी होती हे त्याला ठाऊक नसते. दुसरी कथा जीवंधराची. तीही वसंतातलीच: वसंतोत्सवाच्या जलक्रीडेला लोक लोटले आहेत, यज्ञाच्या अन्नाला तोंड लावले म्हणून एका कुत्र्याला मरेस्तोवर मारले आहे, आणि जीवंधर त्या गर्दीतून वाट काढून त्याच्या कानाशी णमोकार म्हणतो. कुत्रा यक्ष होतो आणि उपकार विसरत नाही. कीर्तनात या कथेचा शेवट रंगतो. आजींना मात्र गर्दीतून वाट काढण्याचाच प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटे.

अकराव्या दिवशी डॉक्टर आले. भुरी निरोगी होती. परगावच्या त्या आईला सुनेने दूरध्वनी केला. सुया ठरल्याप्रमाणे पूर्ण करायच्या आहेत, हेही पुन्हा सांगितले. भुरीला व पिल्लाला रेबीजची लस टोचली गेली. मग डॉक्टरांनी नसबंदीची गोष्ट काढली, आणि येथे प्रश्न खरोखर कठीण झाला.

ज्या पंधरा कर्मांत असतीपोषण आहे, त्यांतच निर्लांछन आहे. जनावरांचे नाक टोचणे, डाग देणे, अंड काढणे, कान छेदणे हे सारे हेमचंद्राचार्य त्यात मोजतात. शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याच्या कानाला खाच पाडतात, म्हणजे तिला पुन्हा पकडले जाऊ नये. आठशे वर्षांपूर्वीचे शब्द इतके नेमके येऊन भिडतील, असे आजींना वाटले नव्हते. नातू पुण्याहून म्हणाला की तो निषेध उपजीविकेसाठी करणाऱ्यांना आहे. ते खरे आहे, पण अशा वेळी खरे उत्तर सोयीचेही असले की आजींचा त्यावरचा विश्वास कमी होई. त्यांनी हा प्रश्न गावात विराजमान असलेल्या महाराजांकडे नेला नाही. गृहस्थाच्या आरंभाला साधूची संमती मागून त्यांना त्यात ओढू नये, असे त्यांचे म्हणणे. आपले ओझे आपण वाहावे. आठ दिवस त्यांनी कोणाला काही सांगितले नाही. त्यांच्यासमोर दुसऱ्या बाजूला ती चार पिल्ले होती, आणि चावलेले मनगट होते.

अशा पेचात व्यापारी समाज पूर्वीही सापडला आहे. १८३२च्या उन्हाळ्यात मुंबईत इंग्रज अधिकाऱ्यांनी भटकी कुत्री मारण्याची मुदत वाढवली, प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे लावले. तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, हिंदू आणि जैन व्यापाऱ्यांनीही त्यांना साथ दिली, दुकाने बंद झाली. दंगल व्हायला नको होती. पण दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी त्याच समुद्रकाठच्या शहरात पांजरपोळ उभी केली. मारू नका म्हणणाऱ्यांनी ठेवायचे कोठे याचाही खर्च अंगावर घेतला.

गुढीपाडव्यानंतर चार दिवसांनी भुरीची शस्त्रक्रिया झाली. त्या दिवशी आजींनी उपवास केला. कारण कोणी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. भुरीला तीन दिवस कोठाराच्या पडवीत ठेवले, म्हणजे उंबरठ्याचा नियम मोडला आणि नाहीही. पिल्लू गल्लीतल्याच एका दुकानदाराने शेतावर नेले. गाडी सांगायला सर्वांत आधी तयार झालेला तोच.

यंदा महावीर जयंती आणि ३१ मार्च एकाच दिवशी आले. सकाळी मिरवणूक झाली, आणि दुपारी हिशेब संपवायला मुलगा दुकानात बसला. डॉक्टर, लस, शस्त्रक्रिया, औषधे, ने-आण यांची चिठ्ठी हातात घेऊन तो अडला.

“आई, हे कशात मांडू? घरखर्चात मांडले तर आपण कुत्रे पाळले असे होईल. जीवदयेत मांडू?”

“भुरीच्या नावाने वेगळे पान काढ.”

मुलगा हसला. “मग जमेच्या बाजूलाही काही लिहावे लागेल. रात्री कोठाराशी चोर फिरकत नाही, ते तिच्यामुळेच.”

“ते धरायचे नाही,” आजी म्हणाल्या. “ते जमेला धरलेस की आपण तिला पैशासाठी पोसले. जमेची बाजू कोरी राहू दे.”

मुलाने पान काढले आणि रकमा उतरवू लागला. शस्त्रक्रियेच्या रकमेशी आल्यावर आजींनी हात वर करून त्याला थांबवले.

“एवढी रक्कम तिच्या नावे नको. जीवदयेतही नको. ती माझ्या नावे मांड.”

त्याने वर पाहिले, काही विचारले नाही, आणि तसे मांडले. बाहेर ऊन अजून ओट्यावर होते. भुरी एका कुशीवरचे केस काढलेली, कानाला खाच पडलेली, पायरीशी येऊन बसली. सूर्यास्ताला अर्धा तास होता.